केमोचा आज कितवा दिवस?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

पत्र लांब होणार आहे, आधीच सांगते, पण जमलं तर पूर्ण छापा. तुमच्या पेपरात कॅन्सरबद्दल नेहमी वाचते, नवीन मशीन आली, नवीन वॉर्ड सुरू झाला, तंबाखूच्या विरोधात रॅली निघाली, ते सगळं पाहिजेच. पण केमो चढवून पेशंट घरी आल्यावर पुढच्या आठ-दहा दिवसांत काय होऊ शकतं ह्यावर मी आजपर्यंत एक ओळ वाचलेली नाही. आणि त्याच दिवसांत मागच्या मे महिन्यात माझे बाबा हातचे जाता जाता राहिले.

बाबा ६६ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले, उमरेडला माझ्या लहान भावाकडे राहतात. बिडी नाही, सिगारेट नाही, खर्रासुद्धा कधी तोंडात घातला नाही. खोकला लागला तर आधी तीन महिने टीबीच्या गोळ्या चालल्या, मग छातीत पाणी झालं, ते काढून तपासलं तेव्हा कळलं की फुफ्फुसाचा कॅन्सर आहे आणि चौथी स्टेज आहे. टीबी टीबी करण्यात गेलेल्या त्या तीन महिन्यांबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल, आज नाही लिहीत. मग कॅन्सरच्या पेशींच्या जीनमधला बदल शोधणाऱ्या ईजीएफआर आणि एएलके नावाच्या टेस्ट झाल्या. ह्या टेस्ट पॉझिटिव्ह आल्या तर गोळ्यांवर काम होऊ शकतं, आपल्याकडे ॲडिनोकार्सिनोमा हा फुफ्फुसाच्या कॅन्सरचा प्रकार असलेल्या साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये ईजीएफआरचा बदल सापडतो, म्हणून तब्येत थांबण्यासारखी असेल तर टेस्टचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय केमोची घाई करू नये, एवढं वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा. बाबांच्या दोन्ही टेस्ट निगेटिव्ह आल्या. इम्युनोथेरपी, म्हणजे अंगातली प्रतिकारशक्तीच कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं, आमच्या ऐपतीबाहेरची. मग ठरली केमोची दोन औषधं, पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन, दर २१ दिवसांनी सलाईनमधून.

डॉक्टर चांगले आहेत, मला त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट बोलायचा नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी खुर्ची पुढे ओढून सांगितलं की हा आजार मुळापासून जाणार नाही, पण दम कमी होईल, भूक लागेल, दिवस वाढतील आणि ते दिवस जरा चांगले जातील. तसंच झालं. पहिल्या केमोच्या आधी बाबा संडासला जाऊन आले तरी पाच मिनिटं पलंगावर बसून धापा टाकायचे, दुसऱ्या केमोनंतर माझ्याकडे नागपूरला मानेवाड्याला दुसऱ्या मजल्यावर चढून आले, मध्ये फक्त एकदा थांबले. म्हणून केमोला शिव्या देणारं हे पत्र नाही.

डे केअर म्हणजे केमो चढवून त्याच दिवशी घरी सोडतात तो विभाग, तिथे एका हॉलमध्ये ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला एक स्टँड. सिस्टर हातावर टपटप मारून नस शोधायची, बाबांच्या नसा लवकर सापडायच्या नाहीत, मूठ उघडा बंद करा, उघडा बंद करा, कधी तिसऱ्या टोचणीला इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनची शिरेतली बारीक नळी, बसायची. आधी उलटीचं इंजेक्शन, मग पेमेट्रेक्सेड, ते दहा मिनिटांत संपतं, मग कार्बोप्लॅटिनला तासभर. बाजूला गोंदियाच्या एक काकू असायच्या, त्यांना पॅक्लिटॅक्सेल, ते तीन तास चालायचं. पलीकडच्या काकांना सिसप्लॅटिन, किडनी सांभाळायची म्हणून आधी सलाईन नंतर सलाईन, त्यांचा अख्खा दिवस तिथेच जायचा. बाबा वरच्या बाटलीतून पडणारे थेंब मोजत बसायचे. कार्बोप्लॅटिनचा डोस किडनीचं काम बघून काढतात हे डॉक्टरांनी सांगितल्यावर ते सिस्टरला म्हणाले, बाई हे तर कार्बोरेटरसारखं आहे, जरासं जास्त गेलं की इंजिन बंद. सिस्टर हसली. त्या हॉलमध्ये सगळ्या विषयांवर बोलणं व्हायचं, केस, उलट्या, तोंडाची चव, योजनेचे कागद, रेल्वेचं सवलतीचं फॉर्म, कोणाच्या घरी कोणता काढा देऊन राहिले. तापावर कोणीच बोलायचं नाही. आम्हाला फाईलमध्ये एक कागद दिला होता, इंग्रजीत, त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ताप आल्यास कळवा. एवढंच. कुठे कळवा, किती ताप, कधी कळवा, काही नाही. आणि तो कागद रिपोर्टांच्या मागे गेला तो गेलाच.

तिसरी केमो झाली, बाबा दोन दिवस माझ्याकडे राहून उमरेडला गेले. नवव्या दिवशी दुपारी अंग गरम लागलं. आता तुम्हीच सांगा, मे महिना, बाहेर ४५ डिग्री, विदर्भातल्या घरात म्हाताऱ्या माणसाचं अंग गरम लागलं तर पहिला विचार काय येतो? ऊन लागलं. आईनं कैरीचं पन्हं केलं, तळपायाला कांदा चोळला, ओलं फडकं कपाळावर ठेवलं. घरात थर्मामीटर नव्हतं, कपाळाला हात लावून बघायचं आणि ठरवायचं. संध्याकाळी भाऊ त्यांना गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेला, तिथेही हेच, ऊन लागलं आहे, एक इंजेक्शन, एक सलाईन, पॅरासिटामॉल. केमो चालू आहे हे भावानं सांगितलं, पण जाता जाता सांगितलं, जसं शुगर आहे बीपी आहे असं सांगतो तसं. गोळीनं तीन तास ताप उतरला, बाबांनी दोन घास दहीभात खाल्ला. मी फोन केला तर म्हणाले, "काहून टेन्शन घेऊन राहिली, ऊन लागलं असन, उद्या उतरते."

रात्री अकराला हुडहुडी भरली. पलंग हलत होता असं भावजय सांगते. मी फाईलवरच्या नंबरला फोन लावला, तो ओपीडीचा लँडलाईन, वाजून वाजून बंद होत होता, मी मोजलं नाही पण वीस-पंचवीस वेळा तरी लावला असेल. मग भावानं शेजाऱ्यांची गाडी घेतली आणि ते निघाले. मी दिघोरीला रस्त्यावर उभी होते, तिथून त्यांच्या गाडीत बसले, बाबांचा हात हातात घेतला तर बोटं बर्फासारखी गार आणि छाती तव्यासारखी गरम.

कॅज्युअल्टीत पोचलो तेव्हा एक वाजला होता. हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही, कारण मला वाटतं दुसरीकडे गेलो असतो तरी असंच झालं असतं. उन्हाळ्याचे दिवस, तापाचे उलटी-जुलाबाचे दहा पेशंट आधीच बाकावर. आमचा नंबर लावला. काउंटरवरच्या माणसानं फाईल बघून सांगितलं की कॅन्सरचे डॉक्टर सकाळी येतात, तोवर बसा. आम्ही बसलो. मी शिकलेली आहे, शाळेत शिकवते, तरी मी बसले, ह्याचं मला आजही वाईट वाटतं. पाऊण तासानं एक रेसिडेंट डॉक्टर आमच्यासमोरून जात होता, वय जेमतेम पंचवीस-सव्वीस, त्याचं लक्ष बाबांच्या हातातल्या फाईलकडे गेलं आणि तो थांबला. त्यानं एकच विचारलं, "केमोचा आज कितवा दिवस?"

मी म्हटलं नववा, आता बारा वाजून गेले म्हणजे दहावा. त्यानं पुढे काही विचारलं नाही, स्वतः स्ट्रेचर ओढलं. बीपी ८०/५०, म्हणजे फारच खाली. रक्त काढलं, त्यात कोणते जंतू आहेत ते शोधायला कल्चरची बाटली भरली आणि रिपोर्टची वाट न बघता पहिलं अँटिबायोटिक चढवलं. रिपोर्ट आला तेव्हा पांढऱ्या पेशी ६००, जिथे साधारण माणसाच्या चार हजार ते अकरा हजार असतात. बाबा आठ दिवस ॲडमिट होते, त्यातले तीन आयसीयूत.

नंतर त्या डॉक्टरनं मला जे समजावलं ते मी इथे माझ्या शब्दांत लिहिते कारण हे मला पहिल्या केमोच्या आधी कळायला पाहिजे होतं. केमो भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते, कॅन्सरच्या पेशी तशा आहेत, पण केसांच्या मुळातल्या, तोंडाच्या आतल्या अस्तराच्या आणि हाडांच्या मगजातल्या पेशीसुद्धा तशाच. मगजात रक्त तयार होतं. लाल पेशी १२० दिवस जगते म्हणून ती लगेच कमी होताना दिसत नाही, पण जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचं आयुष्य काही तासांचं, फार तर काही दिवसांचं, रोज नव्या भरती कराव्या लागतात. भरती बंद पडली की गोदाम रिकामं. बहुतेक केमोमध्ये हे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात होतं. पेशंट तोपर्यंत घरी गेलेला, उलट्या थांबलेल्या, जेवायला लागलेला, घरच्यांना वाटतं ह्या वेळची केमो पार पडली. आणि तेव्हाच अंगात लढायला कोणी नसतं. अशा वेळी येणारा ताप हीच एकुलती खूण असू शकते, खोकला नाही, पू नाही, सूज नाही, कारण सूज आणि पू करणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात. १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ डिग्रीला ताप पोचला की ती इमर्जन्सी, आणि दवाखान्यात आल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला पाहिजे. आमचा तो तास दुपारी चारलाच सुरू झाला असता. आम्ही पन्हं पाजून राहिलो होतो.

अजून एक गोष्ट झाली होती ती आम्हाला नंतर कळली. पेमेट्रेक्सेड चालू असताना फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यायची असते आणि दर नऊ आठवड्यांनी बी-१२ चं इंजेक्शन. हे ताकदीसाठी नसतं. ह्या औषधाच्या सुरुवातीच्या अभ्यासांमध्ये पेशंटचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, फार पडत होते, काही दगावले, मग ही दोन व्हिटॅमिनं सक्तीची केली आणि त्रास खूप कमी झाला. आमच्या घरात मात्र ती ताकदीची गोळी समजली गेली, तिसऱ्या केमोच्या सुमारास पाकीट संपलं, उन्हात कोण जाईल मेडिकलमध्ये, आणू दोन दिवसांनी, असं करत बारा दिवस गेले. भावजय रडली हे कळल्यावर. तिची काय चूक, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. अंगदुखीच्या गोळीचंही तसंच, किडनी कमजोर असेल तर केमोच्या आसपास अशा गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नसतात, आणि आपल्याकडे तर पाठ दुखली की मेडिकलमधून एक पुडी आणायची सवय.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला तर ही काही नवीन गोष्ट नाही ह्याचा. मी नंतर वाचलं. दुसऱ्या महायुद्धात डिसेंबर १९४३ ला इटलीच्या बारी बंदरावर बॉम्ब पडले, तिथल्या एका जहाजात मस्टर्ड गॅसचे बॉम्ब भरलेले होते, जे लोक त्यात सापडले त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या डॉक्टरांना दिसल्या. त्याच्या आधी १९४२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात त्याच जातीचं औषध, नायट्रोजन मस्टर्ड, कॅन्सरच्या एका पेशंटला शिरेतून दिलं गेलं होतं. म्हणजे केमोचा जन्मच पांढऱ्या पेशी पडतात ह्या ज्ञानातून झाला. ऐंशी वर्षांवर झाली त्याला. ऐंशी वर्षांपासून माहीत असलेली गोष्ट उमरेडच्या एका घरात पोचवायला आपल्याला जमू नये?

आपल्याकडे लोक म्हणतात अमका केमोनं गेला. प्रत्येक मयतीत हे ऐकायला मिळते. केमो लावली आणि महिन्याभरात गेला, नसती लावली तर जगला असता. मग पुढचा माणूस केमोला नाही म्हणतो आणि कोणत्या तरी जडीबुटीवाल्याकडे जातो. मला आता वाटतं की ह्या गेलेल्यांमध्ये असे कितीतरी असतील जे आमच्यासारखेच नवव्या दहाव्या दिवशी ऊन लागलं, व्हायरल आहे, अशक्तपणा आहे म्हणून घरात पडून राहिले. केमोची भीती घालवायची असेल तर भाषणं देऊन जाणार नाही, हे तापानं जाणारे वाचवावे लागतील.

नागपुरात आजूबाजूच्या दहा जिल्ह्यांतून पेशंट येतात, गडचिरोली चंद्रपूर भंडारा यवतमाळ, वरून छिंदवाडा बालाघाट. सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याचं मोठं इन्स्टिट्यूट आहे, एम्स आहे, रामदासपेठ धंतोलीत तर गल्लोगल्ली प्रायव्हेट. केमो इथे होते, ताप तिकडे येतो. केंद्र सरकारनं २०२५ च्या बजेटमध्ये सांगितलं की तीन वर्षांत सगळ्या जिल्हा हॉस्पिटलांत डे केअर कॅन्सर सेंटर काढणार, २०२५-२६ मध्येच २०० काढणार. फार चांगली गोष्ट आहे, गडचिरोलीच्या माणसाला दर २१ दिवसांनी इतका प्रवास कशाला. पण डे केअर म्हणजे दिवसाचं. संध्याकाळी कुलूप लागलं की रात्री अकराला ज्याला हुडहुडी भरली त्यानं कोणाला फोन करायचा? सेंटर उघडताना हा प्रश्न आधी सोडवा अशी माझी कळकळीची विनंती आहे, खुर्च्या आणि स्टँड नंतरही येतील.

काय पाहिजे ते फार मोठं नाही. प्रत्येक केमो पेशंटला पहिल्या दिवशी एक थर्मामीटर आणि मराठीत मोठ्या अक्षरात छापलेलं एक कार्ड, बालाघाटकडच्यांना हिंदीत, आणि ते सिस्टरनं वाचून दाखवायचं, नुसतं फाईलमध्ये घालायचं नाही. रात्री उचलला जाणारा एक मोबाईल नंबर. आणि कॅज्युअल्टीच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला एवढं शिकवायचं की केमो पेशंट तापात आला तर बाकावर बसवायचा नाही. फोननं काय होते असं कोणी म्हणत असेल तर त्यांनी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग हॉस्पिटलचा २०१७ साली आलेला अभ्यास बघावा. पसरलेल्या कॅन्सरचे ७६६ पेशंट, त्यात फुफ्फुसाचेही होते. काही जणांना नेहमीची ट्रीटमेंट, काही जणांना नेहमीच्या ट्रीटमेंटसोबत आपला त्रास घरून कॉम्प्युटरवर कळवायची सोय, त्रास वाढला की सिस्टरला मेसेज जायचा. कळवणारे सरासरी ३१ महिने जगले, बाकीचे २६. पाच महिने, आणि त्यात नवीन औषध कोणतंच नव्हतं. पाच महिन्यांसाठी लोक घर गहाण ठेवतात साहेब.

बाबांची चौथी केमो आठवडाभर उशिरा झाली, डोस चौथाईनं कमी केला, आणि केमोनंतर चोवीस तास होऊन गेल्यावर काउंट वाढवायचं इंजेक्शन दिलं. सीटी स्कॅनमध्ये गाठ लहान दिसली. आता फक्त पेमेट्रेक्सेड चालू आहे. सकाळी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचतात, तुमचाच, आणि शेजारच्या पोराची लुना दुरुस्त करून देतात बसल्या बसल्या. पुढे काय होणार ते आम्हाला माहीत आहे आणि त्यांनाही.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मी शाळेच्या प्रिंटरवर एक कार्ड तयार केलं. डॉक्टरांना दाखवून घेतलं, त्यांनी दोन जागी दुरुस्ती केली. वर बाबांचं नाव, आजार, कोणती केमो, तारीख. खाली लिहिलं आहे, केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहायचा. १००.४ किंवा जास्त आला, किंवा ताप नसून थंडी वाजली, तर ताप उतरवायची गोळी न देता लगेच निघायचं, गोळीनं ताप झाकला जातो. सकाळची वाट बघायची नाही, ऊन लागलं म्हणायचं नाही. गाडी नसेल तर १०८. दवाखान्यात शिरताना पहिलं वाक्य हे बोलायचं, केमोचा आज अमुकवा दिवस आहे आणि ताप आहे. मागच्या बाजूला फॉलिक ॲसिड आणि बी-१२ च्या तारखा. उमरेडला ते कार्ड फ्रिजला चिकटवलं आहे आणि एक बाबांच्या शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत असते.

पुढच्या केमोला मी त्याच्या तीस झेरॉक्स नेल्या. गोंदियाच्या काकूंनी दोन घेतल्या, एक घरासाठी, एक त्यांच्या गावच्या डॉक्टरसाठी. सिस्टरनं उरलेल्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेतल्या, परवा गेले तर संपल्या होत्या, म्हणाली मॅडम अजून आणा. बाबांचं नाव काढून त्या कार्डाची एक कोरी कॉपी पत्रासोबत पाठवते आहे. पेपरात एका कोपऱ्यात छापली तर लोकांना कापून खिशात ठेवता येईल, म्हणून शक्य झालं तर पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत आणि मोठ्या अक्षरात छापा.

आपली,
एक वाचक, मानेवाडा रोड, नागपूर